युरिया घातला, पण नत्र गेलं कुठे? गव्हाच्या काडाच्या एका ढिगाचं प्रकरण

काडाच्या कंपोस्टचा रिपोर्ट हातात आला की सगळे आधी नत्राचा टक्का बघतात. या प्रकरणातही तेच झालं. काडात सुरुवातीला नत्र होतं ०.५ टक्के आणि तयार खतात निघालं १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट, त्यामुळे गटातले सगळे शेतकरी खूश. पण तेच खत रोपांना घातलं तर रोपांची पानं कडेनं करपली, काड अजून पिवळं आणि लांब-लांब दिसत होतं, आणि ढीग उकरला की नाकाला झोंबणारा वास येत होता. रिपोर्ट चांगला आणि खत वाईट, असं कसं, हा प्रश्न घेऊन ते माझ्याकडे आले. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यातल्या चुका फार जण करतात, आणि रिपोर्ट चांगला दिसतो म्हणून त्या कधी सापडतच नाहीत.

आधी त्यांनी काय केलं होतं ते सांगतो. वाळलेलं गव्हाचं काड १ टन, २०० किलो ताजं शेण पाण्यात कालवून, ३० किलो युरिया आणि वर २० किलो विझवलेला चुना. सगळं एकाच दिवशी थरावर थर देऊन रचलं, वरून पाइपनं पाणी मारलं आणि ढीग झाकून टाकला. ढीग दोनच दिवसात सणसणीत तापला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं काम फत्ते. नंतर तो लवकर थंड पडला, दोनदा पलटी मारली तरी परत म्हणावा तसा तापला नाही, आणि शेवटी जे होतं त्यालाच तयार खत म्हणून चाळून घेतलं.

आता हिशोब बघा, आणि हा हिशोब टक्क्यात नाही, किलोत करायचा. १ टन काडात ०.५ टक्क्यानं ५ किलो नत्र. शेणात कोरडा भाग साधारण ४० किलो, त्यातलं नत्र धरा ०.७ किलो. ३० किलो युरियात ४६ टक्क्यानं १३.८ किलो. म्हणजे ढिगात एकूण १९.५ किलो नत्र गेलं. शेवटी खताचं कोरडं वजन भरलं ७०० किलो, त्यात १.४ टक्के म्हणजे ९.८ किलो. बाकीचं ९.७ किलो नत्र ढिगात नाहीच! युरियाच्या भाषेत बोलायचं तर ३० किलोतला २१ किलो युरिया हवेत गेला नाहीतर पाण्याबरोबर वाहून गेला.

मग टक्का कसा वाढला? तर काड कुजताना त्यातला कर्ब (कार्बन) कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, ढिगाचं वजन घटतं, आणि वजन घटलं की जे काही उरलंय त्याचा टक्का आपोआप वर जातो. निम्मं नत्र गमावूनसुद्धा टक्का वाढलेला दिसतो. म्हणून कुठलंही रसायन घालून कंपोस्ट सुधारलं की नाही हे टक्क्यावरून ठरवूच नका. ढीग लावताना वजन घ्या, काढताना वजन घ्या, दोन्ही वेळी ओलावा काढा आणि किलोत हिशोब मांडा. आधी-नंतरचं वजन लिहून ठेवलेलं नसेल तर लॅबचा नुसता रिपोर्ट या बाबतीत काहीच सांगत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

३० किलोचा आकडा आला कुठून

मी विचारलं, ३० किलो कशावरून? उत्तर मिळालं, चाऱ्याच्या काडाला शेकडा ४ किलो युरिया लावतात, आपण तर तीनच लावला. इथेच घोळ आहे. चाऱ्यासाठी युरिया प्रक्रिया करतात तेव्हा काड तीनेक आठवडे हवाबंद दाबून ठेवतात, तिथे युरियाचा अमोनिया व्हायलाच हवा असतो, कारण तोच अमोनिया काडाचे तंतू सैल करतो, आणि हवाबंद असल्यामुळे तो आतच राहतो. कंपोस्टचा ढीग मात्र श्वास घेणारा, वर ६० अंशांपर्यंत तापलेला. त्यात तेवढाच युरिया घातला तर अमोनिया थांबेल कशाला.

कंपोस्टला किती लागतं हे आजचं नाही, शंभर वर्षांपूर्वीच मोजलेलं आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स या दोघांनी १९२१ मध्ये जनावरांशिवाय, नुसत्या काडापासून शेणखतासारखं खत करायची पद्धत मांडली, आणि त्यात १०० किलो कोरड्या काडाला बाहेरून सुमारे ०.७ किलो नत्र पुरतं असं त्यांना दिसलं. १ टनाला ७ किलो, म्हणजे साधारण १५ किलो युरिया. आपल्या हिशोबानेही तेच येतं. काडात कर्ब ४२ टक्के धरला तर १ टनात ४२० किलो, त्यात शेणाचा थोडा मिळवा, आणि नत्र ५ अधिक ०.७ अधिक ६.९ असं १२.६ किलो, तर कर्ब-नत्र गुणोत्तर ३५ च्या आसपास बसतं. पुस्तकात २५ ते ३० लिहिलेलं असतं हे खरं, पण काडाचा बराचसा कर्ब लिग्निनमध्ये, म्हणजे काडाला कडकपणा देणाऱ्या चिवट पदार्थात, अडकलेला असतो, तो जिवाणूंना लगेच खाता येत नाही, त्यामुळे काडाच्या ढिगाला ३५ वर सुरुवात केली तरी भागतं. या लोकांच्या ढिगात हेच गुणोत्तर २२ वर गेलेलं होतं. जिवाणूंना खाऊन उरेल इतकं नत्र, आणि उरलेलं सगळं अमोनिया.

चुन्याचं पण असंच झालं. कुणीतरी सांगितलं होतं की चुन्यानं काड लवकर मऊ पडतं. अर्धं खरं आहे ते. चुन्याच्या पाण्यात काड वेगळं भिजवलं तर वरचा कडकपणा खरंच कमी होतो. आणि रोथॅमस्टेडच्या पद्धतीतही बारीक चुनखडी होती, पण ती अमोनियम सल्फेटबरोबर, कारण अमोनियम सल्फेटमुळे ढीग आंबट होत जातो आणि तो आंबटपणा मारायला चुनखडी लागायची. युरिया उलटा वागतो. युरियाचं आधी अमोनियम कार्बोनेट होतं आणि सामू (पीएच) आपोआप साडेआठच्या वर चढतो, त्यात वरून विझवलेला चुना म्हणजे अमोनियाला दार उघडून देणं झालं. कृती तीच ठेवली आणि त्यातलं एकच खत बदललं की बाकीच्या वस्तूंचा अर्थ बदलतो हे लक्षात घ्यायला हवं.

अमोनिया पळतो म्हणजे नक्की काय होतं

हा भाग जरा नीट वाचा, कारण कुठलं रसायन घालायचं हे सगळं यावरच ठरतं.

ढिगातल्या पाण्यात नत्र दोन रूपात असतं, अमोनियम आणि अमोनिया. अमोनियम पाण्यात विरघळून राहतं, उडत नाही. अमोनिया वायू आहे, तो उडतो. दोघांचं प्रमाण ठरतं सामू आणि तापमानावर. सामू ८.५ आणि तापमान २५ अंश असेल तर साधारण १५ टक्केच अमोनिया रूपात असतो. तोच सामू ठेवून तापमान ६० अंश केलं की अमोनियाचा वाटा ६० टक्क्यांच्या वर जातो! आणि आता ६० अंशच ठेवून सामू ८.५ वरून ७.५ वर आणला तर तो वाटा परत १४-१५ टक्क्यांवर येतो. तापमान तर आपल्याला हवंच आहे, तणाचं बी आणि रोगाचे जंतू त्यानेच मरतात, मग आपल्या हातात उरतो तो सामू. म्हणून काडाच्या कंपोस्टमध्ये घालायच्या रसायनाचं पहिलं काम अन्नद्रव्य वाढवणं हे नाहीच, पहिल्या दोन आठवड्यात सामू खाली धरणं आणि अमोनिया पकडून ठेवणं हे आहे. माझा या प्रकरणातला मुख्य मुद्दा हाच.

पहिला ढीग उकरून बघितला तेव्हा याचा पुरावा डोळ्यासमोर होता. वरचा थर ओलसर, आणि हातभर आत गेलं की काड कोरडं खडखडीत, हातात घेतलं की कुरकुरायचं, आणि त्यावर राखाडी-पांढरी भुकटी. ही ॲक्टिनोमायसिट्सची, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची वाढ, ढीग आतून फार तापून सुकला की दिसते. लाल लिटमसची पट्टी ओली करून ढिगाला पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी नुसती धरली, काडाला न टेकवता, तरी निळी पडली, म्हणजे अमोनिया अजून सुटत होता. खत चाळायच्या अवस्थेत असताना! अशा खतात रोपं करपणार नाहीत तर काय होईल.

आणि पाणी. १ टन कोरड्या काडाला ६० टक्के ओलावा यायला १५०० लिटर पाणी मुरायला पाहिजे, मारायला नव्हे, मुरायला. काडावर मेणाचा थर असतो, पाणी घसरून खाली जातं. यांनी पाइपनं एका दमात पाणी मारलं आणि ढिगाखालून तपकिरी पाणी निघालं, ते जमिनीत जिरलं. युरिया पाण्यात लगेच विरघळतो, काडातलं पालाशही (पोटॅश) सहज धुपतं, त्यामुळे त्या तपकिरी पाण्यात दोन्ही गेलं असणार. आत कोरडं राहिल्यामुळे जिवाणू थांबले, आणि जिवाणू थांबले म्हणजे अमोनिया खाणारं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या ढिगाला काय केलं ते आता. काड तेच, शेण तेवढंच. काड आधी ५ ते ८ सेंटिमीटर तुकडे करून घेतलं, आणि दोन दिवस थोडं-थोडं पाणी शिंपडत, तुडवत भिजवलं. मुठीत धरून पिळलं तर बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसावेत पण धार लागू नये, तिथे थांबलो. युरिया १५ किलो, पण तीन हप्त्यात, पहिला हप्ता थर रचताना आणि बाकीचे दोन पहिल्या दोन पलट्यांना, दर वेळी पाण्यात विरघळवून. चुना अजिबात नाही. आणि ३० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ३० किलो जिप्समची बारीक पूड.

सुपर फॉस्फेट का? त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मोनोकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो, तो आंबट आहे, थोडं मोकळं आम्लही असतं. ते अमोनियाला धरून अमोनियम फॉस्फेट करतं आणि सामू लगेच खाली आणतं. वरून १६ टक्क्यानं ४.८ किलो स्फुरद खतात येतं ते वेगळंच, काडात स्फुरद मुळातच कमी असतो. पण नुसत्या सुपर फॉस्फेटच्या आंबटपणावर विसंबू नका, ३० किलोतला फॉस्फेटचा भाग हिशोबानं जेमतेम १ किलो नत्र धरतो.

जास्त पकड जिप्समची. अमोनियम कार्बोनेट आणि जिप्सम एकत्र आले की एकीकडे कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि दुसरीकडे अमोनियम सल्फेट, आणि अमोनियम सल्फेट उडत नाही. १७२ किलो जिप्सम कागदावर २८ किलो नत्र धरू शकतं, म्हणजे ३० किलोला जवळजवळ ५ किलो. सुपर फॉस्फेटमध्येही जिप्सम असतंच, निम्म्याच्या आसपास, ती भर आणखी. प्रत्यक्षात एवढं सगळं हाताला लागत नाही कारण जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला अडीच ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे खडे घालून काही उपयोग नाही, पूडच हवी, ओलावाही हवा आणि सगळीकडे सारखं पसरलेलं हवं. बटन अळिंबीवाले गव्हाच्या काडाच्या कंपोस्टमध्ये कित्येक वर्षं जिप्सम घालतात, काड चिकट होऊ नये हा त्यांचा आणखी एक हेतू.

एक गोष्ट अगदी आवर्जून सांगतो, युरिया आणि सुपर फॉस्फेट एकाच घमेल्यात कोरडे मिसळून ठेवू नका. दोघांची आपसात क्रिया होऊन पाणी सुटतं आणि थोड्या वेळात चिकट लगदा होतो, मग तो सारखा पसरतच नाही, एका जागी गोळा पडतो आणि तिथलं काड जळतं. आम्ही थर दिला, शेणकाला दिला, त्यावर सुपर आणि जिप्समची पूड भुरभुरवली, आणि युरियाचं पाणी शेवटी झारीनं. सर्वात वर पाच-सहा सेंटिमीटर जुन्या मुरलेल्या खताचा थर. हा थर फार कामाचा आहे, आतून सुटलेला अमोनिया त्यातले जिवाणू आणि ह्युमस बऱ्यापैकी अडवतात, आणि याला कुठलंही रसायन लागत नाही.

तापमान तिसऱ्या-चौथ्या दिवशी साठीला पोचलं आणि टिकलं. पलटी मारायच्या आदल्या दिवशी लिटमस धरून बघायचं, निळी पडली तर पलटी पुढे ढकलायची आणि वरच्या थरात मूठभर-मूठभर जिप्सम देऊन पाणी शिंपडायचं, असा नियम ठेवला, कारण वास येत असताना ढीग उलटला की आत साठलेला सगळा अमोनिया एकदम जातो.

निकाल असा. कोरडं वजन ६२० किलो, नत्र १.७ टक्के, म्हणजे १०.५ किलो. घातलं होतं १२.६, गेलं २.१ किलो, साधारण १७ टक्के. पहिल्या ढिगात युरिया दुप्पट घालून ९.८ किलो उरलं होतं, इथे निम्म्या युरियात १०.५ किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर विशीच्या आसपास आलं, रंग गडद, काडाचा तुकडा दोन बोटांत चोळला की तुटतो.

आता यात बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या, मुख्य म्हणजे युरिया, चुना, पाणी आणि सुपर-जिप्सम, तर श्रेय कुणाला? मला विचाराल तर सगळ्यात मोठा वाटा युरिया निम्मा करून हप्त्यानं देण्याचा आणि चुना काढून टाकण्याचा. मूळ चूकच निघाली की पळायला अमोनिया कमी उरतो. जिप्सम आणि सुपर त्यानंतर. उलट क्रमानं कुणी गेलं, म्हणजे ३० किलो युरिया आणि चुना तसाच ठेवून वरून १०० किलो जिप्सम ओतलं, तर नत्र थोडं वाचेलही पण क्षार इतके वाढतील की खत रोपवाटिकेच्या कामाचं राहणार नाही.

बाकीची जी नावं सुचवली गेली

गटात बऱ्याच सूचना आल्या होत्या. मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फरिक ॲसिड घालून स्ट्रुव्हाइट तयार करणं, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा मिळून एक स्फटिक होतो आणि नत्र त्यात अडकतं. ही पद्धत खरंच चालते, नत्र चांगलं धरते आणि झाडाला सावकाश देते, पण मात्रा जास्त झाली की ईसी, म्हणजे खतातल्या क्षारांचं माप, झपाट्यानं चढते आणि कुजणंही मंदावतं, त्यामुळे मोजमापाशिवाय हात लावू नये. मूलद्रव्य गंधक हळू चालतं, थायोबॅसिलस जिवाणूंनी त्याचं आम्ल करेपर्यंत अमोनियाचा मुख्य लोट निघून गेलेला असतो. रॉक फॉस्फेट स्फुरदासाठी चांगलं, कुजताना तयार होणाऱ्या सेंद्रिय आम्लांनी ते थोडंफार विरघळतं, पण ते आंबट नाही, अमोनिया धरणार नाही, त्यामुळे सुपरच्या जागी ते घालून तोच परिणाम मागू नका. आणि राख नको, ती चुन्याचीच बहीण.

जिप्सम घातल्यावर ढीग चिखल होऊ देऊ नका. हवा बंद झाली की सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तसा वास आला तर आणखी काही घालायचं नाही, ढीग मोकळा करून कोरडं काड मिसळायचं. जिप्सम कारखान्यातलं उपपदार्थ असेल, म्हणजे फॉस्फोजिप्सम, तर त्यात फ्लोराइड आणि इतर अंश असू शकतात, तपासणीचा कागद बघूनच घ्या. आणि ज्यांची शेती प्रमाणित सेंद्रिय आहे त्यांना युरियाचा हा मार्ग मुळातच बंद आहे, त्यांनी नत्रासाठी शेण, कोंबडी खत किंवा हिरवळीचा पाला वापरून हाच किलोचा हिशोब मांडावा.

खत रोपांना द्यायच्या आधी बियांची चाचणी घेतली. एक भाग खत, दहा भाग पाणी, हलवून गाळलं आणि त्या पाण्यात मुळ्याचं बी उगवायला ठेवलं, शेजारी साध्या पाण्यात तेवढंच बी. उगवलेल्या बियांची संख्या आणि मुळाची लांबी यांचा गुणाकार करून दोघांची तुलना करायची, साध्या पाण्याच्या ८० टक्क्यांच्या वर आलं की खत मुरलं असं धरतात. पहिल्या ढिगाच्या पाण्यात बी फुगलं पण मुळं टोकाला तपकिरी होऊन तिथेच थांबली. दुसऱ्याच्या पाण्यात मुळं पांढरी, लांब, केसाळ. पण ईसी ३.६ निघाली, आणि ४ ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे शेतात पसरायला काही अडचण नाही, रोपांच्या ट्रेमध्ये मात्र हे खत एकटं वापरायचं नाही, कोकोपीट किंवा मातीत एक चतुर्थांशच मिसळायचं. पुढच्या ढिगाला सुपर तेवढंच ठेवून जिप्सम ३० वरून २० किलोवर आणायचं ठरलंय, युरिया १५ वरून १२ वर, आणि हे दोन्ही आकडे बदलताना पाणी आणि तुकड्यांची लांबी जशीच्या तशी ठेवायची, वजनकाटा तिथेच ठेवून.